राहिलेला बार

मडिकेरी,
२८ ऑगस्ट १९७९

ती. अव्वास,
पोन्नीचे शि. सा. न. वि. वि.

परवा शाळेतून घरी आले तर दारात खताच्या जीपचा ड्रायव्हर उभा होता. एका हातात बांबूच्या कोंबांची पिशवी आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेली अप्पांची काळी घोंगडी. मला वाटलं, इथे गारठा फार म्हणून तू घोंगडी पाठवलीस. हातात घेतली तर वजनाने खांदाच खाली गेला. सोडून पाहिलं आणि मी तिथेच पायरीवर बसले. आत अप्पांची दुनळी बंदूक. ड्रायव्हर म्हणाला की आईंनी सांगितलंय, ही पोन्नीची, तिच्याच हातात द्यायची. भोपळा पोचवावा तशी ती पोचवून, कॉफी पिऊन तो निघून गेला.

घोंगडीच्या घड्या मी पुन्हा पुन्हा उलगडून पाहिल्या. चिठ्ठी नव्हती.

हे संध्याकाळी आले आणि बंदुकीभोवती एक चक्कर मारून म्हणाले की लोकांना सासुरवाडीहून गाय मिळते, अंगठी मिळते. माझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं जावई नीट पारखला आणि मग मुलीला बंदूक पाठवली, आता भाजीला नावं ठेवायची सोय राहिली नाही. मी हसले. अप्पांना जाऊन दीड महिना होत आला, त्यानंतर बहुधा पहिल्यांदाच. मग लगेच लाज वाटली.

पण अव्वा, मला खरंच उमगत नाही. घरची बंदूक घरच्या देवघरात कोपऱ्यात उभी असते. ती सासरी गेलेल्या मुलीकडे कशी येईल? पुढच्या आठवड्यात कैलपोद. सगळ्यांची हत्यारं पूजेला बाहेर निघतील तेव्हा धाकटे काका ती शोधतील. त्यांना तू काय सांगणार? अप्पा शेवटी काही बोलले होते का? मी तेव्हा नव्हते. पूल पाण्याखाली होता आणि मी पोचले दुसऱ्या दिवशी. जो तो काही ना काही सांगत होता, मीच कुणाला धड काही विचारलं नाही.

नारळावर नेम धरायला अप्पांनी मला याच बंदुकीवर शिकवलं. धक्क्याने खांदा निळा झाला की तू मिठाचा शेक द्यायचीस आणि अप्पांना ऐकवायचीस की निळ्या खांद्याची पोर कोण करून घेणार. तो वास अजून दस्त्याला आहे, तेलाचा आणि तंबाखूचा. सध्या ती माझ्या साड्यांमागे उभी केली आहे.

कोंबांची भाजी केली, यांनी निमूट खाल्ली. तब्येतीचं खरं खरं लिही. माझ्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
पोन्नी

॥ श्री इग्गुतप्पा प्रसन्न ॥

मालेकेरी,
६ सप्टेंबर १९७९

चि. सौ. पोन्नीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बंदूक पोचली हे वाचून बरं वाटलं.

ती तुझी आहे. तुझ्या अप्पांची एकुलती मुलगी तूच, आणि मी तुला दिली. तेल लावत जा. कुणी मागितली तर देऊ नकोस. तिच्यात काडतूस घालू नकोस. नारळावरसुद्धा नको. एवढं माझं ऐक, कारण विचारू नकोस. मला नीट लिहिता येणार नाही.

कैलपोद झाला. देवघरात तिची जागा रिकामी होती, तिथे भिंतीशी मी कळलावीची फुलं ठेवली. दर वर्षी नळीत खोवतो तशी. तुझे चेंगप्पाकाका हातपाय धुऊन आले, आपली बंदूक ठेवली, मग कोपऱ्याकडे बघत राहिले. भावाची कुठे म्हणून विचारलं. पोन्नीला दिली असं मी सांगितलं. ते म्हणाले की वहिनी, लग्न करून दिलेल्या मुलीला घरची बंदूक दिलीत, उद्या देवाचा दिवाही बांधून पाठवाल. मी वाटण वाटत होते, ते वाटत राहिले. काका डुकराच्या मांसाला हात न लावता उठून गेले. कैलपोदच्या दिवशी त्यांनी आपल्या घरून उपाशी जावं असं कधी झालं नव्हतं. मग त्यांच्या सुनेच्या हाती डबा पाठवला. डबा रिकामा परत आला, तेव्हा काळजी नको.

पावसाने अजून पाठ सोडलेली नाही. भाताची लावणी उरकली. कॉफीची छाटणी मी स्वतः उभं राहून करून घेते आहे. गडी म्हणतात की थोरले मालक ओरडायचे, तुम्ही नुसत्या बघता, त्यानेच जास्त भीती वाटते.

तुझे अप्पा इथेच असतात असं लिहिलं तर तू घाबरशील, म्हणून तसं लिहीत नाही. फक्त दिसतं ते लिहिते. सकाळी धुकं मळ्यातून वर चढून अंगणात येतं. त्यात ते वर येताना दिसतात, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात कोयता. कुत्रं पायरीशी जाऊन शेपूट हलवतं. मी गुळाची कॉफी दोन पेल्यांत ओतते. पायरीपर्यंत येईतो धुकं विरून जातं. मग मी दोन्ही पेले पिते. मला त्याचं वाईट वाटत नाही. दिवस चांगला जातो.

जावईबापूंना सांग, भाजीला नावं खुशाल ठेवा, बंदूक रिकामी आहे. दोघं जिवाला जपा, आठवण राहू द्या.

तुझी,
अव्वा

तोरेकाड,
१७ सप्टेंबर १९७९

चि. सौ. पोन्नीस,
देचम्मा आत्याचे अ. उ. आ.

तुझ्या पत्रात तू सरळ विचारलंस की आत्या, त्या दिवशी नक्की काय झालं. बाई गं, दोन महिने होऊन गेले आणि आत्ता विचारतेस. तू अगदी आईवर गेली आहेस. तुम्हा दोघींच्या पोटातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. मी मात्र आमच्या बापावर गेले आहे, तेव्हा सविस्तर ऐक.

मी चुलीपुढे होते. पाऊस असा की समोरची टेकडी दिसेना. तुमच्या बाजूने बार ऐकू आला. माझ्या भावाच्या बंदुकीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. मी एक बोट वर केलं आणि दुसऱ्याची वाट बघत उभी राहिले. दूध उतू गेलं तरी दुसरा नाही. एक बार म्हणजे मुलगा झाला, हे शेंबड्या पोरालाही माहीत. चेंगप्पाच्या सुनेचे दिवस भरलेच होते. मी म्हटलं, चला, घराण्यात नातू आला. तांबडा कोंबडा काखेत घेतला, मधाची बाटली घेतली आणि ओढ्याच्या कमरभर पाण्यातून तुमच्याकडे निघाले. फाटकातूनच ओरडले की कुठाय तो नवा शिकारी, आधी आत्याआजीला तोंड दाखवा म्हणावं.

अंगणात सगळे पांढऱ्या कपड्यांत उभे होते. मधे माझा भाऊ. आणि मी काखेत कोंबडा घेऊन उभी.

तुझी आई पुढे आली. तिने कोंबडा माझ्या हातून घेऊन खांबाला बांधला, पदराने माझं डोकं पुसलं. नवरा तिचा गेला होता आणि समजूत ती माझी काढत होती. मग हळूच मला विचारलं की अक्का, तुम्हालाही एकच ऐकू आला का. मी हो म्हटलं. तिने अशी मान हलवली, पोन्नी, जशी काही मी तिला चांगली बातमी दिली. ती मान हलवणं मी विसरलेले नाही.

झालं होतं ते असं. चेंगप्पाने माणूस गेल्यावरच्या रीतीप्रमाणे दोन बार काढायला चाप ओढले. उजवी नळी उडाली, डावी नाही. दुसरं काडतूस घातलं, तेही नाही. मग तिसरं. सगळी दमट. दर पावसाळ्यात माझा भाऊ काडतुसांचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवायचा. यंदा तो अंथरुणात, कुणाच्या लक्षात येणार? शेवटी गडी चारी दिशांना पळवले, भर पावसात, की बाबांनो एक नव्हे, दोन समजा. सुनेला पुढे आठवड्याने मुलगी झाली. गुटगुटीत आहे, माझंच नाक आहे.

आता चेंगप्पाचं ऐक. बाजारात पोरं त्याच्या पाठीमागे त्याला फुसका बार म्हणतात. यंदा नारळ फोडायच्या सामन्यात त्याने बंदूक खांद्याला लावली नाही. दर वर्षी बक्षिसाचा घडा घरी नेणारा माणूस, कुंपणाशी उभा राहून दुसऱ्यांचं बघत होता. त्याला ती बंदूक हवी आहे ती हक्कासाठी नव्हे. पुत्तरीला नवं भात कापताना तिच्यातून एक बार नीट काढायचा आणि भावापुढे मान वर करायची, एवढंच त्याच्या मनात आहे. आणि ती तर तुझ्या आईने कैलपोदच्या आधीच घराबाहेर काढली.

मी तिला एकदा छेडलं. म्हटलं, मुथव्वा, ओसरीवर एकटीच कुणाशी हसतेस? ती म्हणाली की तुमच्या भावाशी, तुम्हाला काय करायचंय. थट्टा केली असेल. नसेलही. माणूस गेलं की दोन बार, आपल्या माणसाचा एकच झालाय, तेव्हा तुझ्या आईच्या लेखी तो अजून पुरता गेलेला नाही. आणि बंदूक तुझ्या कपाटात आहे, म्हणजे माझा भाऊ तुझ्या साड्यांमागे उभा आहे असं समज.

काय करायचं ते मला विचारू नकोस. मी बोलते फार, पण यात माझी अक्कल चालत नाही. जावयाला आशीर्वाद. म्हातारीवर राग धरू नये, प्रेम धरावं.

तुझी,
देचम्मा आत्या

मडिकेरी,
२१ ऑक्टोबर १९७९

ती. अव्वास,
पोन्नीचे शि. सा. न. वि. वि.

तुळा संक्रमणाला आम्ही दोघं तलकावेरीला जाऊन आलो. तुझ्यासाठी तीर्थाची बाटली भरून ठेवली आहे. कुंडाभोवती इतकी गर्दी होती की कावेरीचं पाणी उसळलेलं मला दिसलंच नाही, लोकांच्या चेहऱ्यांवरून समजलं. परतताना ढग रस्त्यावर उतरले होते. बस त्यातून अशी जात होती की आपण चाललो आहोत की थांबलो आहोत ते कळेना. डोळा लागला. स्वप्नात अप्पा आणि मी मळ्यात उभे, उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधलेला, आणि ते विचारत होते की दिसतोय ना. मी दिसतोय म्हटलं. दिसत नव्हता.

आत्याचं पत्र आलं होतं. तिने सगळं लिहिलं.

मागच्या सोमवारी चेंगप्पाकाका शाळेत आले. केळ्यांचा घड घेऊन. शिक्षकांच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसले. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले की ही आमची पोन्नी, हिच्या नेमाला आमच्या गावात तोड नव्हती. पहिल्या कॉफीला पावसाबद्दल बोलले, दुसरीला मिरीच्या वेलांबद्दल. तिसरी कॉफी गार झाली तेव्हा म्हणाले की एकच बार पोरी, त्याच संध्याकाळी परत आणून देईन, पुसून देईन. माझ्याकडे बघत नव्हते. मी विचार करते म्हटलं. ते जाताना शिपायालासुद्धा नमस्कार करून गेले. अव्वा, काका असे कधी होते?

मी तुला कधी मनातलं लिहीत नाही, आज लिहिते. मी रोज कपाट उघडते. साड्या बाजूला करते. वास येतो आणि वाटतं, अप्पा पलीकडच्या खोलीत आहेत, आत्ता खाकरतील. मग कपाट बंद करून शाळेत जाते. तू तो एक बार तरी ऐकलास. मी एकही ऐकलेला नाही. माझ्यासाठी कुणी काही सांगितलेलंच नाही, असंही मी धरू शकते. मलाही ते बरं वाटतं. म्हणून तुला दोष द्यायला मी कुणी नाही.

फक्त एक सरळ विचारते. बंदूक तू मला दिलीस, ती कुणी तिच्यातून दुसरा बार काढू नये म्हणून ना? तसं असेल तर एवढंच लिही. ती गंजून जाईपर्यंत मी सांभाळीन. काकांना नाही म्हणायचं तर तेही मी म्हणेन. पण तुला तेच हवं आहे का, हे मला तुझ्याकडून कळू दे.

हे म्हणतात की बंदूक आल्यापासून घरात चोराची भीती गेली, आता सासऱ्यांची वाटते. त्यांच्या बोलण्याचा राग मानू नकोस. संध्याकाळी तेही कपाटापुढे उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
पोन्नी

॥ श्री इग्गुतप्पा प्रसन्न ॥

मालेकेरी,
२० नोव्हेंबर १९७९

चि. सौ. पोन्नीस,
अ. उ. आ.

तुला उत्तर पाठवायला उशीर झाला. दोनदा लिहून चुलीत घातलं.

होय. म्हणूनच दिली.

त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी होते. पहिला बार झाला आणि मी दुसऱ्यासाठी कान लावून बसले. मला वाटत होतं, दुसरा झाला की माझ्या आत काहीतरी तुटेल, आणि ते तुटायची मी वाट बघत होते. तो झालाच नाही. बाहेर नळी उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज येत राहिला. चेंगप्पा रडत होते. मी मात्र हळूहळू श्वास सोडला. मला वाटलं, निरोप अर्धाच गेला आहे. आत्याबाई हसत फाटकातून आल्या तेव्हा तर खात्रीच झाली. एका टेकडीपुरता तरी त्या दिवशी आपल्या घरात आनंद होता.

तेव्हापासून ते होते. मी खोटं लिहीत नाही. पावसाळाभर ते इतके जवळ होते की मी एकटी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. तू अप्पांच्या दिवसांच्या, मादाच्या विधीनंतर जाताना गळ्यात पडून म्हणालीस की आता तू एकटी कशी राहणार, तेव्हा मला तुझीच कीव आली होती.

पण आता पाऊस गेला. सकाळी धुकं येतं ते पातळ असतं. ते वर येतात, फाटकाशी थांबतात. आत येत नाहीत. कॉफी ओतली तरी येत नाहीत. परवा मी अंगणात उतरून जवळ गेले. पाहुणा निरोप घेऊन निघालेला असावा आणि घरच्यांचं बोलणं संपू नये, म्हणून तो जोडे घालून ताटकळत उभा असावा, तसे ते उभे दिसले. चेहरा नीट दिसला नाही. दमलेले वाटले. तुला माहीत आहे, त्यांना कुणाचं मन मोडता यायचं नाही. मी थांबा म्हणत राहिले तर ते असेच उभे राहतील.

ते गेले की घर कसं होईल, ते मला ठाऊक नाही. त्याची भीती वाटते. मी आजवर तुला भीतीचं काही सांगितलं नव्हतं.

पुत्तरी चार तारखेच्या सुमाराला आहे. भात या वर्षी चांगलं भरलंय, कणीस हातात घेतलं तर जड लागतं. चेंगप्पा म्हणाले की मळ्यात बार मी माझ्या बंदुकीने काढीन, वहिनींना त्रास नको. बोलले नीट, पण जेवले नाहीत.

तू ये. जावईबापूंनाही आण. बंदूक आणायची की नाही ते मी सांगणार नाही. आधी मी ती तुझ्याकडे लपवायला ठेवली होती, त्याला देणं म्हणत नाहीत. आता खरोखर दिली असं समज. जिची वस्तू तिने ठरवावं. मी काही म्हणणार नाही, नंतरही नाही.

तीर्थाची बाटली विसरू नकोस. येताना लोकरीचं काहीतरी घाल, मळ्यात दव फार असतं. तुमच्या दोघांवर देवाची आणि माझी नजर आहेच.

तुझी,
अव्वा

मडिकेरी,
८ डिसेंबर १९७९

ती. सौ. देचम्मा आत्यास,
पोन्नीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पायाची सूज उतरली का? पुत्तरीला तू नाहीस म्हणून सगळे हळहळले. हे म्हणाले की आत्या नाहीत, म्हणजे पायसात गूळच नाही. तू सगळं कळव म्हणून निरोप ठेवला होतास, म्हणून लिहिते.

बंदूक मी नेली. निघेपर्यंत नेऊ की नको चाललं होतं. यांनी विचारलं की साड्या किती घेणार, मी म्हटलं एक, आणि कपाटातून ती काढली. पण काडतूस विकत घेतलं नाही. मुद्दामच. बंदूक माझी असली तरी तिच्यात काय घालायचं ते अव्वाने ठरवावं, असं मनात होतं. मला तेवढी वाट मागे उघडी हवी होती. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

घरी पोचलो तर अव्वाने घोंगडीकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला पाणी दिलं.

चंद्र टेकडीवर आला तशी आम्ही दिवा घेऊन मळ्यात उतरलो. आत्या, इतकं चांदणं होतं की भात पांढरं दिसत होतं. चालताना पाय जमिनीला लागतात असं वाटत नव्हतं. काका पुढे विळा घेऊन, खांद्याला त्यांची बंदूक. मी मागे अप्पांची घेऊन. त्यांनी ती पाहिली होती. बांधावर सगळे थांबले. आता आधी बार आणि मग कापणी. काकांनी आपली बंदूक खांद्यावरून उतरवली.

तेव्हा अव्वा माझ्याजवळ आली. पदराच्या गाठीतून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. काडतूस होतं. कोमट. ती हळूच म्हणाली की पावसाळाभर चुलीवरच्या फळीवर ठेवलंय, हे फुटेल. आत्या, बंदूक तिने माझ्याकडे धाडली आणि काडतूस मात्र सगळा वेळ चुलीवर वाळवत ठेवलं होतं. ती म्हणाली की डाव्या नळीत घाल.

मी घातलं आणि बंदूक काकांपुढे धरली. म्हटलं की काका, तुम्ही काढा, राहिलेला तुमचाच आहे. त्यांनी ती हातात घेतली. दस्ता चाचपला, नळीवरून हात फिरवला. किती तरी वेळ. आजूबाजूच्या टेकड्यांवर एकेका घराचे बार सुरू झाले होते आणि आमचा मळा गप्प. मग त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. म्हणाले की वहिनींनी तुला दिली आहे, तूच काढ. मी शेजारी उभा राहतो. माझा हात अजून कापतो, आणि आज चुकायला नको.

ते शेजारी उभे राहिले. मी खांद्याला लावली. अप्पा सांगायचे तसा श्वास अर्धा सोडला.

पुत्तरीचा बार आनंदाचा असतो. त्यात दुसरं कसं मिसळायचं, हे मी येताना बसमध्ये सारखी घोकत होते. पण चाप ओढला तेव्हा काही मिसळलंही नाही आणि वेगळंही झालं नाही. आवाज खालच्या ओढ्यावरून जाऊन समोरच्या टेकडीवर आपटून परत आला. काका वाढीचं मागणं मागत मोठ्याने पोलि पोलि देवा ओरडले, सगळे ओरडले, आणि त्यांनी पहिली पेंढी कापली. मी मागे पाहिलं. अव्वा भाताच्या कडेला खाली बसली होती आणि रडत होती. मोठ्याने, आत्या. तिचा रडण्याचा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मीही तिच्याजवळ बसले, चिखलातच. मलाही ते आत्ताच सांगितल्यासारखं झालं. यांनी दिवा धरला होता, तो वाऱ्याला विझू नये म्हणून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

नंतर घरी कणसं दाराला बांधली, केळ्यांचं गोड तंबिट्टु झालं. काकांनी दोनदा मागून घेतलं. काकूंनी त्यांना म्हटलं की पाच महिन्यांची भूक आजच काढणार का. ते हो म्हणाले.

तू आता उठून कामाला लागू नकोस, पायाला आराम दे. तुझा माझ्यावर जीव आहे, तो असाच असू दे.

तुझी,
पोन्नी

॥ श्री इग्गुतप्पा प्रसन्न ॥

मालेकेरी,
१६ डिसेंबर १९७९

चि. सौ. पोन्नीस,
अ. उ. आ.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. बंदूक बसमध्ये टपावर ठेवू दिली नाहीस आणि सगळी वाट मांडीवर घेऊन बसलीस, हे जावईबापूंनी लिहिलं आहे. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही म्हणे. बरं झालं.

आत्याबाईंचा मुलगा दुसऱ्याच दिवशी येऊन गेला. तो म्हणाला, बार झाले तेव्हा त्या पाय पाटावर ठेवून अंगणात बसल्या होत्या. इतक्या बारांतून आपला त्यांना बरोबर ओळखू आला. त्यांनी आंघोळ केली आणि त्या दिवशी पुत्तरीचं गोड खाल्लं नाही.

चेंगप्पा आता रोज येतात. कॉफीची फळं पिकली आहेत, तोडणीला माणसं त्यांनीच आणली. नातीला कडेवर घेऊन येतात. काल तिला सांगत होते की तुझ्या लग्नात मी तुला बंदूकच देणार, सोनं कोण देतो. सून म्हणाली की आधी तिला दात येऊ द्या.

तू पत्रात विचारलंस की घर कसं वाटतं. मी काही म्हणणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणजे तक्रार करणार नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते.

धुकं येतं. त्यात आता धुकंच असतं. कुत्रं पायरीवर झोपून राहतं. पहिल्या दिवशी मी सवयीने कॉफी दोन पेल्यांत ओतली आणि एक तसाच थंड झाला. तो मी जास्वंदीला घातला. दुपारी घर फार मोठं वाटतं. एका खोलीतून दुसरीत जायला वेळ लागतो. मला वाटलं होतं की भीती वाटेल. तशी नाही वाटत. रडू येतं, आणि रडून झालं की भूक लागते. तुझे अप्पा गेले, हे मी आता म्हणते. काल दुकानात मोठ्याने म्हटलं.

ओसरीवरचा लांब बाक तुला आठवतो. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्या डाव्या टोकाला बसत आले. उजवीकडे ते पाय पसरून बसायचे. त्यांच्या मागेही मी टोकालाच बसत होते, अर्धी मांडी बाहेर. काल कॉफी वाळायला पसरून आले, कंबर दुखत होती. मी बाकाच्या मधोमध बसले. उन्हं पायांवर आली होती. दोन्हीकडे हात टेकता आले. पुष्कळ वेळ बसले, आणि मग तिथेच आडवी होऊन झोपले.

नाताळच्या सुट्टीत या. तुमची वाट बघायला मला आता वेळ आहे.

तुझी,
अव्वा